जीनाचा तारा

“तो वर यायच्या आत सांगते, सर. हा तारा खोटा आहे, एवढं तुम्ही त्याला सांगा,” सालोमी म्हणाली.

शांताराम सर आगाशीच्या आपल्या घराच्या गच्चीवर दुर्बीण पश्चिमेकडे वळवत होते. दिवेलागण नुकतीच झाली होती. खाली अंगणात सालोमीचा नवरा एरॉल स्कूटर लावत होता. तो सरांचा जुना विद्यार्थी. आता बोटीवर फिटर होता, वर्षाचे बरेच महिने समुद्रावर असायचा.

त्यांची एकुलती एक मुलगी जीना मे महिन्यात मैत्रिणींबरोबर अर्नाळ्याला गेली आणि बुडाली. सतरा वर्षांची होती. कोळ्यांनी होड्या घालून शोधलं, पण ती सापडली नाही. एरॉल बोटीवरून गिरीजला आपल्या घरी पोचला तेव्हा शोधही थांबला होता. त्याने काहीच पाहिलं नव्हतं. तो तिची खाट हलवू देईना. चर्चमध्ये तिच्या आत्म्यासाठी मिस्साची प्रार्थना सांगू देईना. नंतरच्या सफरीत त्याने कुठल्याशा बंदरात ताऱ्यांना नावं देऊन विकणाऱ्या दुकानातून एक तारा विकत घेतला आणि त्याला जीनाचं नाव दिलं. सोनेरी किनारीच्या प्रमाणपत्रावर ताऱ्याचा क्रमांक होता. घरी परत आल्यापासून तो रोज संध्याकाळी केळीच्या वाडीत आभाळाकडे बघत बसायचा. तो तारा नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. सालोमी त्या कागदाला हातही लावत नव्हती.

तारे कोणी विकू शकत नाही, हे सरांना ठाऊक होतं. पण मुंबईच्या ग्रंथालयात जाऊन त्यांनी त्या क्रमांकाची माहिती काढली होती. तारा खरा होता. खोटं होतं ते नाव.

एरॉल वर आला. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. दुर्बिणीला डोळा लावून तो बराच वेळ वाकून उभा राहिला.

“पिवळी आहे,” तो हळूच म्हणाला. मग त्याने विचारलं, तारा कसा आहे, चांगला आहे ना.

सरांनी एकदा सालोमीकडे पाहिलं. ती पाण्याच्या टाकीला टेकून उभी होती. त्यांनी ठरवलं, सगळं खरं सांगायचं. ते म्हणाले, हे नाव कुठल्याही शास्त्रज्ञाच्या पुस्तकात नाही, ते फक्त तुझ्या कागदावर आहे. एरॉलने डोळा तसाच दुर्बिणीला लावून ठेवला. मग त्यांनी ताऱ्याबद्दल सांगितलं. रंग सूर्यासारखाच, पण वय सूर्याहून जास्त. गाभ्यातलं इंधन संपलेलं. बाहेरून बघणाऱ्याला ते कळत नाही, तेज उलट वाढलेलंच असतं. पण तो फुगायला लागलाय, थंड होत चाललाय. पुढे लाल होईल आणि शेवटी विझेल.

“हा जायला निघालेला तारा आहे, एरॉल,” सर म्हणाले.

आता तो कोसळेल, रडेल, आणि एकदाचं घरात जीनाचं मरण मान्य होईल, असं सालोमीला वाटलं. तिला तेच हवं होतं. गेले सात महिने ती एकटीच रडत होती.

एरॉलने दुर्बिणीवरून डोळा बाजूला घेतला. त्याचा चेहरा ओला होता, पण तो कोसळला नव्हता. म्हातारा होऊन जाणार का, असं त्याने विचारलं. सर हो म्हणाले. अचानक नाही ना? नाही, सर म्हणाले, अगदी सावकाश.

एरॉल दुर्बिणीपासून बाजूला झाला.

“सालोमी, ये,” तो म्हणाला. “आपली पोर म्हातारी झाली.”

सर काही बोलणार होते, पण सालोमी टाकीपासून निघाली होती. तिने डोक्यावरचा पदर मागे सारला, वाकली आणि काचेला डोळा लावला. खाली बस स्टँडवर कंडक्टर घंटी मारत होता.

“केस पांढरे झाले असतील ना रे तिचे?” तिने विचारलं.