भिंतीवरचं घड्याळ

लहान मुलांच्या लांबत जाणाऱ्या फिट्सवर डॉक्टर माया अकोल्यात संशोधन करत होत्या. फिट आली की मोबाइलवर व्हिडिओ काढून आणा, असं त्यांनी पालकांना सांगून ठेवलं होतं. मूर्तिजापूरच्या संघपालनं आपल्या लेकीचा, यशूचा, व्हिडिओ आणला; पण त्यात फक्त भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं.

"अहो, यशू कुठे आहे यात?"

"तिच्या मायच्या मांडीवर. तिच्याकडं पाह्यलं की हात थरथरते माहा, मॅडम. अन् तुमाले टाइमच पायजे होता ना?"

डॉक्टर रागावणार होत्या, तेवढ्यात त्यांना आवाज ऐकू आला. यशूच्या पायातली पैंजणं भराभर, एका लयीत वाजत होती. घड्याळाकडे बघत त्या ऐकत राहिल्या. चार मिनिटं दहा सेकंदांनी पैंजणं थांबली. त्यांनी फॉर्मवर आकडा लिहिला. व्हिडिओ मात्र अजून बराच बाकी होता.

"फिट इथंच संपली, संघपाल. पुढचं कशाला काढत बसलात?"

"तुमची संपली, मॅडम. आमची नाही."

डॉक्टरांनी व्हिडिओ चालू ठेवला. सेकंदकाटा फिरत होता. सव्विसाव्या मिनिटाला एक बारीक आवाज आला, "बाबा, पानी."

आणि इतका वेळ जागचं न हललेलं घड्याळ थरथरायला लागलं.