पोलादी पलटणीचा पहिला शत्रू

वहीतला पाचव्या नंबरचा खलनायक पाहून भाऊराव इतके हसले की भिंतीला टेकवलेली त्यांची कुबडी घसरून खाली पडली.

प्रफुलनं ती उचलून त्यांच्या हाताशी ठेवली. सात महिन्यांपूर्वी मिलमध्ये क्रेनवरून सळ्यांचा गठ्ठा सुटला आणि भाऊरावांचा उजवा पाय गुडघ्याखालून गेला. क्रेन प्रफुल चालवत होता. ब्रेक सटकला, असं चौकशीत ठरलं. तेव्हापासून दर रविवारी प्रफुल त्यांना पद्मनाभपुरातून स्कूटरवर बसवून घरी जेवायला आणायचा. भाऊरावांनी त्याला कधी एका शब्दानं बोल लावला नव्हता.

"हा धूळमल," प्रफुलची अकरा वर्षांची लेक रीना सांगत होती. "हा जामुलच्या सिमेंट कारखान्यावर बसते अन् सगळ्यांचे वाळत घातलेले कपडे करडे करते."

"अन् तुही पोलादी पलटण काय करते?"

"पाण्याचे पाइप लावते. मग त्याचा चिखल होते."

शाळेत ती हिंदीतच लिहायची. ही चित्रकथेची वही मात्र तिनं मराठीत केली होती, खास काकांसाठी. चौथा होता नळ वाळवणारा, उन्हाळी झळांचा लूसिंग, तिसरा मच्छरसेठ. दुसऱ्या नंबरच्या चुंबकरावानं दुर्ग लाइनवरून अख्खी मालगाडी ओढून घेतली होती.

"याले कसं हरवलं?"

"पलटणीनं सगळं लोखंड घरी ठेवलं अन् बांबू घेऊन गेले."

"डोकं आहे रे पोरीले," भाऊराव प्रफुलला म्हणाले. "अन् पहिला? सगळ्यात खतरनाक?"

रीनानं वही मिटायला हात पुढे केला. "ते अधुरं आहे, काका."

पण भाऊरावांनी पान उलटलं होतं.

छतावर एक मुलगी बसली होती. दोन वेण्या, शाळेचा निळा कुर्ता. सुळे नाहीत, शस्त्र नाही. कानाला मोबाइल. खाली ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: 'हिची शक्ती – हिनं फोन लावला की वर टांगलेलं लोखंड खाली पडते. पलटण हिले हरवू शकत नाही. कारण पलटणीले माहीतच नाही.'

"हे तर तुह्यासारखीच दिसून राहिली," भाऊराव हसत म्हणाले.

"मीच आहे, काका."

प्रफुलनं मान वर केली. "काय बोलून राहिली तू?"

रीना वहीकडेच पाहत होती. "त्या दिवशी मी पप्पाले फोन लावला होता. ड्रॉइंगचा कागद आणा म्हणून. पप्पा विचारून राहिले होते, मोठा पाहिजे का छोटा. मग जोरात आवाज आला. फोन कटला नाही. मुझे सब सुनाई दिया." ती थांबली. "काका, तुम्ही माय, माय ओरडून राहिले होते."

चहाचे कप घेऊन आलेली चंदा, प्रफुलची बायको, दारातच उभी राहिली.

प्रफुलच्या कानात नुसता घूं आवाज भरला. फोन हातातून सुटून केबिनमध्ये सीटखाली गेला होता. नंतर तो सापडला तेव्हा बंद होता. आपण तेव्हा फोनवर होतो ही गोष्ट जगात आपल्या एकट्याला ठाऊक आहे, असं तो सात महिने समजत होता. आणि या एवढ्याशा पोरीनं ती रोज शाळेत नेली होती, परत आणली होती, त्याच्याच बाजूला बसून जेवली होती.

भाऊरावांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं होतं, पुसायचं विसरल्यासारखं.

"ब्रेक?" त्यांनी विचारलं.

"ब्रेक बरोबर होता, भाऊराव," प्रफुल म्हणाला.

"मले साहेबानं तीनदा विचारलं. तीनही वेळा मी तुह्या शब्दावर ब्रेकच सांगितला. माह्या तोंडानं." भाऊरावांचा आवाज अजिबात चढला नाही. "तो ब्रेक पाहणारा मोहित, उतई गावचा. त्याले कामावरून काढलं ना त्यापायी?"

"हो."

"पप्पाची गलती नाही, काका," रीना घाईनं म्हणाली. "फोन मी लावला."

प्रफुल तिच्यासमोर खाली बसला. तिचा हात धरायला गेला, पण धरवला नाही. "फोन तर कोणीबी लावते, बेटा. उचलला मी. हुकावर माल होता, खाली माणूस होता, अन् मी उचलला. खोटंबी मीच बोललो. तू नाही." मग भाऊरावांकडे न बघता म्हणाला, "उद्या सकाळी साहेबाले जाऊन सांगतो. मोहितचंबी सांगतो. मग जे व्हायचं ते होऊ दे."

चंदानं कप खाली ठेवले.

"रबर आहे काय, पोरी?" भाऊरावांनी विचारलं.

रीनानं दिलं. त्यांनी स्वतः ती मुलगी खोडली. आधी वेण्या, मग चेहरा, मग कुर्ता. रीनानं पेन्सिल फार दाबून चालवली होती. रेषा गेल्या तरी कागदात खाचा राहिल्या. भाऊरावांनी फुंकर मारून चुरा उडवला आणि पेन्सिल तिच्या हातात दिली.

"आता खरा पहिला नंबर काढ."

प्रफुल उठायला लागला.

"बस," भाऊराव म्हणाले. "तिले तुहं तोंड दिसू दे."

प्रफुल पुन्हा मांडी घालून बसला आणि त्यानं लेकीकडे तोंड केलं. रीनानं त्याच्याकडे पाहिलं, कागदावर पेन्सिल टेकवली. पेन्सिल दाबली की वही सरकत होती.

भाऊरावांनी आपला पंजा वहीच्या कडेवर ठेवला आणि ती दाबून धरली.