दिवटीचा कागद

परकी भाषा शिकल्याने माणसाची दृष्टी विशाल होते आणि मनातला आपपरभाव गळून पडतो, असं कॉलेजच्या माहितीपत्रकात पहिल्याच पानावर छापलेलं होतं. गौरवीने बी.ए.ला पोर्तुगीज घेतली ती कृष्णनाथकाकाचं नाक कापण्यासाठी.

आज दसरा होता. पेडण्याजवळच्या त्या घरात, काकाच्या ओसरीवर, पाट मांडला होता. पाटावर कोयता, नांगराचा फाळ, स्कूटरची चावी, आणि मधोमध काचेच्या चौकटीतला कागद. कागद पोर्तुगीज अमदानीतला. वर मोहोर, खाली सही. मधलं घरात कुणालाच वाचता येत नव्हतं, त्यामुळे त्यात काय लिहिलंय ते सगळ्यांना पाठ होतं. दसऱ्याच्या पालखीपुढे दिवटी धरण्याचा मान सरकारने कृष्णनाथच्या आजोबांना, राघोबांना दिला. म्हणून दिवटी कृष्णनाथ धरायचा. त्याचा चुलत-चुलत भाऊ महादेव, म्हणजे राघोबांच्या भावाचा नातू आणि गौरवीचा बाप, देवळाच्या दारात गोणपाटावर बसून लोकांच्या चपला राखायचा. बावीस वर्षं.

शांताकाकीने काच काढली आणि दरवर्षीप्रमाणे कागदाला हळद-कुंकू लावलं. कुंकवाचा टिळा नेमाने एकाच जागी, तळाशी. तिथला कागद आता लाल झाला होता.

देवस्थान समितीचे अध्यक्ष प्रवीणबाब आवतण घेऊन आले होते. त्यांच्यासोबत गावचे दहा-बारा जण. चहा झाला. कृष्णनाथच्या अंगात आलं.

"प्रवीणबाब, आमच्या घरात आता पोर्तुगीज शिकलेलं चेडू आसा. तीन वर्सां झाली. मी तिका तेव्हाच म्हटलेलं, पोर्तुगीज एकसष्टाक गेले गे बाय, आता तू बोलणार कोणाकडे, तेरेखोलच्या किल्ल्याकडे?"

सगळे हसले. महादेवही हसला, सवयीने.

"वाच गे गौरवी," काका म्हणाला. "एकदा सगळ्यांच्या कानार पडूं दे. कागद म्हणता तां खरां, मागीर कोणी तोंड उघडायचां नाय."

तीन वर्षं गौरवी या वाक्याची वाट बघत होती. तिने स्वतःहून कागद मागितला असता तर त्याने दिला नसता.

तिने हात धुतले, पदराला पुसले, कागद उचलला. आधी पोर्तुगीजमध्ये वाचलं, सावकाश, उच्चार सांभाळून. कृष्णनाथ प्रत्येक ओळीला मान डोलावत होता. राघोबा हे नाव आलं तेव्हा त्याने प्रवीणबाबांकडे पाहिलं.

"आता मराठीत," गौरवी म्हणाली. "'देवळाच्या आवारात, पालखी थांबवून, पेटत्या दिवटीने मारामारी केल्याबद्दल राघोबा यास आणि त्याच्या वंशजांस यापुढे दिवटीला हात लावण्यास कायमची मनाई करण्यात येत आहे.'"

शांताकाकीच्या हातातली कुंकवाची वाटी जरा कलंडली. ऐंशी-नव्वद दसरे त्या घरातल्या बायकांनी त्या मनाईला कुंकू लावलं होतं.

"परत वाच," कृष्णनाथ म्हणाला.

गौरवीने परत वाचलं. या वेळी जास्त स्पष्ट. 'मारामारी' या शब्दावर ती थोडी रेंगाळलीसुद्धा.

महादेव खांबाला टेकून उभा होता, तो सरळ झाला. त्याची नजर कोपऱ्यात तेल घालून ठेवलेल्या दिवटीकडे गेली आणि तिथेच राहिली.

कृष्णनाथ मात्र कागदाकडे बघत नव्हता. तो गौरवीच्या अंगठ्याकडे बघत होता. अंगठा कुंकवावर दाबलेला होता.

"खाली काय आसा?"

"कुंकू."

"कुंकवाखाली?"

"वाचता येत नाही, काका."

कॉलेजात पद्मावती मॅडमनी पहिल्याच तासाला सांगितलं होतं, अर्धं भाषांतर म्हणजे खोटी साक्ष. गौरवीने ते वहीत लिहून घेतलं होतं, खाली दोन रेघा मारून.

कृष्णनाथने तिच्या हातातून कागद ओढला, बोटाला थुंकी लावली आणि पूज्य कागदावर घासली. पोर्तुगीज त्याला येत नव्हती. इंग्रजी दहावीपर्यंत झाली होती, अक्षरं तीच. त्याने एकेक जुळवलं.

"बा... ब... लो." तो थांबला. मग चेहरा हळूहळू उजळला. "बाबलो! प्रवीणबाब, बाबलो कोण? महादेवाचो आजो! सांग गे, त्याच्याबद्दल काय म्हणता सरकार?"

गौरवीने अंगठ्याचं कुंकू पदराला पुसलं.

"सांग गे बाय," महादेव हळूच म्हणाला. "आता कित्याक लपयतंस?"

"'त्याचा भाऊ बाबलो,'" गौरवी म्हणाली, "'यासही, त्याच कारणासाठी, वंशजांसह.'"

कृष्णनाथ इतक्या जोरात हसला की त्याला ठसका लागला. पाणी महादेवनेच आणून दिलं.

प्रवीणबाब उठले. त्यांनी दोघांनाही नमस्कार केला. "कागद म्हणता तां खरां," ते म्हणाले. "तुम्हीच म्हटलंत."

संध्याकाळी पालखीपुढे वीज खात्यातला लाइनमन चालला. दिवटी आयत्या वेळी त्याच्या हातात दिली होती. ती त्याने आपल्या टॉर्चसारखी खाली, पायांपुढे धरली होती.

देवळाच्या दारात महादेव गोणपाटावर बसला होता. थोड्या वेळाने कृष्णनाथ आला, उभा राहिला, इकडेतिकडे पाहिलं.

"सरक मरे," तो म्हणाला.

महादेव सरकला.

गौरवीने आपल्या चपला दोघांच्या मधोमध काढल्या आणि आत गेली.

त्या वर्षी देवळाबाहेरून एकही चप्पल हरवली नाही.