झोळीवरची बाई

भिमाचा आवाज आता बसत चालला होता.

ठमाबाईच्या रानात कांद्याची लागण चालली होती. सहा बायका वाफ्यांत वाकलेल्या. हात चिखलात, कान बाभळीकडं. बाभळीला तीन झोळ्या. एकीत दगडाबाईचं पोर झोपलेलं. दुसरीत इंदी, सिंधुबाईची. तिसरीत दोन महिन्यांचा भिमा. त्याची आई रंगूबाई सकाळीच गाडीनं बारामतीला दवाखान्यात गेली होती. थोरल्या लेकीनं कानात चवळीचा दाणा घालून घेतला होता. दुपारच्या आत येते म्हणाली होती. दुपार केव्हाच कलली.

सावडीत आज एकीचं रान, उद्या दुसरीचं. ज्यांच्या अंगावर पोरं, त्यांतली एक रोज झोळीवर बसायची. तिचा दिवस कामातच धरला जायचा. रडेल त्याला पाजायचं, कुणाचं ते बघायचं नाही, एवढाच काय तो नियम. आज झोळीवर सिंधुबाई होती.

आणि सिंधू नि रंगू सख्ख्या जावा. पाडव्याला चुली वेगळ्या झाल्या, जातं थोरलीच्या म्हणजे रंगूच्या वाट्याला गेलं, तेव्हापासून बोलणं बंद. सिंधू दळायला तीन घरं सोडून जायची. "तिच्या घरच्या कुत्र्यालासुदिक भाकरी घालायची न्हाय," असं ती चारचौघींत म्हणाली होती. एकटीनं म्हटलं असतं तर एव्हाना विसरलीही असती. एकमेकींच्या पोरांना त्या हात लावत नसत. एकीची पाळी असली की दुसरी आपल्या पोरासाठी रानातून उठून यायची. आज उठून येणारी जागेवर नव्हती.

सिंधूनं गुळाच्या पाण्यात चिंधी भिजवून भिमाच्या ओठांना लावली. बोलली होती ते भाकरीचं. गुळाचं पाणी त्यात नव्हतं. भिमानं चिंधी जिभेनं ढकलून दिली.

दगडाबाई हात झटकत उठली. "मी पाजते बाई. लेकराचा काय गुन्हा?"

ठमाबाईनं तिचा पदर धरून तिला खाली बसवलं. "तू रोप लाव."

"अवं पर आत्या..."

"लाव म्हणते न्हवं!"

भिमाला उचकी लागली. मग नुसतंच तोंड उघडं राहिलं, आवाज निघेना. सिंधूच्या चोळीवर दोन ओले डाग उमटले. जातं कुणाचं, परडं कुणाचं, सगळं पंचांसमोर ठरलं होतं. दुधाला कुणी विचारलं नव्हतं.

तिनं रानाकडं पाठ केली आणि भिमाला पदराखाली घेतलं.

"बायांनो, खाली बघा," ठमाबाई म्हणाली. "रोपं वाकडी लागत्यात."

भिमाचं एका बाजूवर भागलं नाही. दुसरीही त्यानं शेवटच्या थेंबापर्यंत ओढली आणि मूठ तिच्या गळसरीत अडकवून झोपून गेला. तेवढ्यात इंदी जागी झाली, आणि भुकेनं जागी झाली. सिंधूनं भिमाला झोळीत ठेवून तिला घेतलं. इंदीनं दोनदा ओढून पाहिलं आणि अंग ताठ करून किंचाळली.

पाटाच्या कडेनं रंगूबाई पळत आली. छाती दोन्ही हातांनी दाबून धरलेली, चोळी भिजून पोटापर्यंत ओघळ.

"निघाला का गं दाणा?" कुणीतरी ओरडलं.

"निघाला!" म्हणत तिनं झोळीतून भिमाला उचललं, छातीशी लावलं. भिमानं झोपेतच तोंड फिरवलं. ओठाच्या कडेला दूध वाळलं होतं. रंगूनं ते बोटानं पुसलं. मग सिंधूच्या पाठीकडं बघत उभी राहिली.

सिंधू इंदीला थोपटत होती. वळली नाही. "ठमाआत्या, तिला म्हणावं, त्यानं सगळं संपीवलं. माझी उपाशी हाय."

"आत्या, तिला म्हणावं, माझी छाती फुटायला आलीया," रंगू म्हणाली. "हिकडं दे म्हणावं पोरीला."

"माझ्या तोंडात माती गेलीया," वाफ्यातून ठमाबाई म्हणाली. "तुमचं तुमी बोला."

इंदी रडतच होती. मग रंगू बाभळीखाली बसली. तिनं भिमाला सिंधूच्या मांडीवर ठेवलं आणि हात पुढं केले. सिंधूनं इंदीला त्या हातांत दिलं. इंदी क्षणभर त्या चेहऱ्याकडं बघत राहिली, एक हुंदका गिळला आणि मग पदरात शिरली.

"जपून, आक्का," सिंधूच्या तोंडून निघून गेलं. "दात आल्यात तिला. चावती."

"चावू दे," डोळे मिटून रंगू म्हणाली.