रांगेत पुढे

दुपारी बारापर्यंत माझं मौन असतं, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे. बारालाच मोडेमचं सॉफ्टवेअर सोपवायचं होतं. घरात कुणी व्हिडिओ बघत असलं तरी गेमचा डेटा आधी सुटावा, एवढंच त्याचं काम.

पण चाचणीत कुठल्या तरी आवाजाचा डेटा गेमच्याही पुढे घुसत होता. मी नियम बदलून त्याला तीनदा रांगेत शेवटी टाकलं. तिन्ही वेळा तोच पहिला. जीव नुसता मेटाकुटीला आला होता.

समोरच्या टेबलावर हेडफोन लावून त्याच मोडेमवर चाचणीसाठी गेम खेळणारा टेस्टर हसला. "ताई, मौन सुटलं वाटतं आज? मघापासून गेममध्ये तुमचीच बडबड ऐकतोय."

माझ्याकडे माइकच नव्हता. मी जोरजोरात मान हलवली.

"अहो, आवाज ओळखतो मी तुमचा!"

चिडून मी मोडेमची केबल उपटली. त्याचा गेम जागच्या जागी थिजला. तो मात्र कान देऊन ऐकतच राहिला.

बाराला पाच कमी होते. नेम मोडला तर मोडला, म्हणून मी ओरडायला तोंड उघडलं : ती मी नाही!

ओठ हलले. घशातून आवाज निघालाच नाही.

समोर त्याने दचकून हेडफोन कानापासून दूर धरला.

"केवढ्यानं ओरडता, ताई! तुम्ही नाही, तर मग कोण?"