नळीची छिद्रं

पाळी थांबलेल्या बायकांना कोरडेपणाने होणाऱ्या जळजळीवर योनिमार्गात मलम लावता यावं म्हणून शाल्मलीने एक नळी बनवली होती. चाचणीत सगळ्याजणी "बरी आहे" म्हणाल्या, पण दुसऱ्यांदा न्यायला कुणीच आली नाही.

रविवारी ती नळी पुढ्यात ठेवून हिरमुसून बसली होती. शेजारी मेथी निवडणाऱ्या आईने नळी उचलून निरखली. "भोक फक्त टोकालाच का गं? मलम सगळं एकाच जागी पडत असेल. आग तर चहूकडे होते."

शाल्मलीने चमकून पाहिलं. "आई, तुलाही होते? कधीपासून?"

"झाली की वर्षं. सांगणार कुणाला?"

त्या दुपारी दोघींनी मिळून नवं चित्र काढलं. टोक गोल आणि मऊ, नळीभोवती सगळीकडे बारीक छिद्रं. डॉक्टरांनी तपासून होकार दिल्यावर नवी नळी सर्वांत आधी आईनेच वापरली.

महिन्याभराने शाल्मली घरी आली, तेव्हा आई फोनवर मावशीशी बोलत होती. "कुंदा, मला आता आराम आहे. तुलाही जळजळ होते ना? लाजू नकोस, सांग."

बाबा समोरच पेपर वाचत होते. आईने आवाज जराही खाली आणला नाही.