सरकत्या ओळी

आमच्या आपिया शहरातल्या गोदामात रोज दुपारी कॉम्प्युटरवर मालाचा हिशोब लावावा लागायचा. मासळीचे डबे, पिठाची पोती, साबण, सगळं काळ्या स्क्रीनवरून ओळीओळीनं वर सरकत राहायचं आणि मी डोळे फाडून समोर बसायचो. हिशोब संपवून गावाच्या वेशीशी पोचेपर्यंत संध्याप्रार्थनेचा शंख वाजलेला असायचा. मग गावच्या रिवाजानं प्रार्थना होईस्तोवर आत पाऊल टाकायची सोय नाही. रोज आपलं वेशीबाहेर ताटकळायचं.

ओळी भरभर सरकाव्यात म्हणून जेवणाच्या सुट्ट्या घालवून मी स्क्रीन चालवणाऱ्या डिस्प्ले ड्रायव्हरची सगळी सेटिंग पिंजून काढली. फरक पडला, पण शंख काही चुकला नाही.

शेजारच्या टेबलावरचा सिमेओना मात्र हिशोब लावून त्याची खिडकी मागे दडवायचा, वर पत्ते खेळायचा आणि शंखाआधी घरी!

शेवटी वैतागून विचारलं, "तुला नवीन मशीन दिलंय का रे?"

"नाही बाबा, तुझ्यासारखंच जुनं खटारं आहे. फक्त मी त्याच्याकडे बघत बसत नाही."

"त्यानं काय होतंय?"



"अरे, काम चाललंय हे तुला दाखवण्यातच बिचाऱ्याचा अर्धा दिवस जातो."